मराठी टाइप करणाऱ्याने कीबोर्ड किती छोटा घ्यावा?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत छोट्या मेकॅनिकल कीबोर्डवर (म्हणजे प्रत्येक की खाली स्वतंत्र स्विच असलेल्या) लेख आला होता. चांगला होता, स्विच, लाइट, आवाज सगळं होतं त्यात, फक्त ज्याला दिवसभर मराठी टाइप करायचंय त्याने यातला कुठला घ्यावा हे काही सापडलं नाही, आणि हे मराठी पेपरात नाही विचारायचं तर कुठे विचारायचं, म्हणून हे पत्र.

मी घरून भाषांतराचं आणि प्रूफं तपासायचं काम करते. १९९४ ला टाइपरायटरवर मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्दांची) परीक्षा दिलेली, पुढे कॉम्प्युटर आल्यावर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी सरकारने ठरवलेली की ची मांडणी, शिकले. टेबल छोटं आणि नेहमीचा १०४ की चा कीबोर्ड चांगला ४४ सेंटीमीटर लांब, त्यामुळे माउस एवढा पलीकडे जातो की संध्याकाळपर्यंत उजवा खांदा धरतो. त्यातला नंबर पॅड मी वर्षातून एकदा दाबत असेन, तोही चुकून. (हिशेबासाठी टॅलीवर बसणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडूच नये, त्यांचा जीव त्या पॅडमध्येच असतो.)

तर मुलगा म्हणाला कॉम्पॅक्ट घे, ६० टक्के घे नाहीतर ६५ टक्के घे. मला आधी वाटलं डिस्काउंट सांगतोय. ६० टक्के म्हणजे नेहमीच्या कीबोर्डच्या मानाने, साधारण ६१ की, वरची एफ१ ते एफ१२ वाली रांग नाही, बाण नाहीत. ६५ ला बाण येतात, ७५ ला एफ रांग पण येते, आणि टीकेएल म्हणजे नुसता नंबर पॅड कापलेला, ८७ की. ४० टक्केवाले पण मिळतात पण त्यात आकड्यांची रांगच नसते, आणि इनस्क्रिप्टमध्ये क्ष, ज्ञ, त्र, श्र त्याच रांगेत शिफ्टवर असतात, ृ तर बरोबरच्या चिन्हाच्या की वर, म्हणजे साधं "कृपया" लिहायला पण कसरत.

भाच्याचा ६० वाला आठवडाभर वापरून बघितला. अक्षरं सगळी होती, अगदी "ऑफिस" चा ऑ सुद्धा एंटरच्या वर जागेवर होता, पण बाण नाहीत, त्यासाठी एफएन नावाची की धरून दुसरी की दाबायची. इंग्रजीवाल्यांना चालत असेल, पण माझं अर्धं आयुष्य ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात जातं. "की" ची "कि" करायची तर बाणाने त्या अक्षरापुढे जायचं, बॅकस्पेस मारायचं म्हणजे फक्त वेलांटी जाते आणि क राहतो, आणि डिलीटने पुसायला गेलं तर अख्खं "की" उडतं. ही बाण-बॅकस्पेसची जोडी मी दिवसातून शेकडो वेळा वापरते, त्याला दोन हात लावत बसले तर प्रूफं कधी द्यायची? भाच्याला त्याचा कीबोर्ड परत दिला.

मग ६५ वाला घेतला, ४,२०० रुपये. त्यात ब्लू स्विच होते. चेरीच्या एमएक्स स्विचमध्ये रेडला साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो आणि दाबताना काहीच अडत नाही, ब्राउनला मधे हलकासा अडथळा लागतो, आणि ब्लूला ६० च्या आसपास जोर आणि वर प्रत्येक अक्षराला टक् असा आवाज. बाकीच्या कंपन्या पण हेच रंग वापरतात, थोडंफार इकडेतिकडे. मला टाइपरायटरची सवय, म्हणून हौसेने ब्लू घेतला, आणि पहिल्याच रात्री साडेअकराला आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज, "एवढ्या रात्री सुपारी कोण कातरतंय गं?" खरंच अगदी अडकित्त्यासारखाच आवाज तो. नशीब की हॉट-स्वॅप होता, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच उपटून बदलता येतात, एका रविवारी बसून ६८ च्या ६८ ब्राउन घातले, दोघातिघांच्या पिना वाकल्या त्या चिमट्याने सरळ केल्या. रेड मुद्दाम नाही घेतले, मी विचार करताना बोटं की वर टेकवून बसते आणि रेड तेवढ्यावरच दबतात.

आवाज मिटला आणि मग खरी गंमत सुरू झाली. तपासून झालेल्या पानांत मधेच कुठेतरी एकटा काना दिसायला लागला. म्हणजे "शाळेच्या" मधे "शाळेाच्या" असलं काहीतरी. दोन दिवस मला वाटलं फाइल खराब आहे, मग लक्षात आलं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. काना इंग्रजी ई च्या की वर, आणि त्यालाच शिफ्ट लावला की आ. डाव्या हाताची की म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीने, क्लासमध्ये हेच घोकून घेतलेलं. आता मोठ्या कीबोर्डवर तो उजवा शिफ्ट चांगला पाच सेंटीमीटर लांब असतो आणि ६५ वर जेमतेम सव्वातीन, उरलेल्या जागेत वरचा बाण बसवलाय. करंगळी जुन्या सवयीने तिकडेच पडते, शिफ्टऐवजी बाण दाबला जातो, कर्सर वरच्या ओळीत आणि काना तिथे. आ, इ, ई, उ, ए, ओ, सगळ्यांची हीच कथा. मुलगा म्हणतो डावा शिफ्ट वापर, पण तीस वर्षांची करंगळी आता ऐकते का? ७५ वाले बघितले तर बहुतेकांत तसाच आखूड शिफ्ट.

शेवटी टीकेएल घेतला. शिफ्ट पूर्ण लांबीचा, बाण बाजूला वेगळे, लांबी ३६ सेंटीमीटरच्या आसपास म्हणजे खांद्याला आठ सेंटीमीटर सूट. दिसायला तेवढा गोंडस नाही, पण मराठी इनस्क्रिप्टला माझ्या मते एवढंच छोटं परवडतं, याच्या खाली जायचं ते आपल्या जबाबदारीवर. जे इंग्रजी स्पेलिंग टाकून मराठी उमटवतात त्यांनी मात्र खुशाल ६५ घ्यावा, त्यांना शिफ्टचं एवढं काही नसतं.

अजून एक. की वर मराठी अक्षरं मी शोधली तर जपानी मिळाली, रशियन मिळाली, आपली नाही, आणि बाजारातले स्टिकर खोलगट कीकॅपवर, म्हणजे की च्या टोपीवर, आठ दिवसांत कडेने उचलतात. हा इनस्क्रिप्ट १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला, १९९१ ला मानक झाला, तरी दुकानात विचारलं तर म्हणे "मॅडम, मराठी कोण टाइप करतंय?" तुम्ही पुरवणीत यावर लिहिलंत तर निदान कोण कोण करतंय ते तरी कळेल.

आणि कुणी दुकानात जाऊन घेणार असेल तर आपला लॅपटॉप बरोबर न्या, मराठी चालू करून "आई" असं दहा वेळा टाइप करा. दोन्ही अक्षरांना उजवा शिफ्ट लागतो. दहाच्या दहा नीट उमटल्या तरच पैसे द्या.

आपली,
एक वाचक, मिरज