पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते

संपादक महोदय,

समुद्र तापला की ‘प्रवाळभित्ती मृत’ असे मथळे येतात. प्रवाळ म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणारे बारीक समुद्री प्राणी; त्या सांगाड्यांची भित्ती बनते. खरे तर पांढरे पडलेले प्रवाळ त्या घडीला जिवंत असते, फक्त उपाशी असते. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागवते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी १ अंश सेल्सिअसने चढले आणि चारेक आठवडे उतरलेच नाही, तर हे शैवाल बाहेर पडते आणि पारदर्शक कातडीखालचा चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. तोच ताप आठ आठवडे राहिला तर मात्र मोठी मरतूक होते.

फरक जवळून कळतो. जिवंत प्रवाळावर काचेसारखा पातळ पापुद्रा असतो, रात्री बारीक स्पर्शक बाहेर येतात. मेलेल्याच्या सांगाड्यातल्या, जीव राहतो त्या वाट्या रिकाम्या, कडा टोकदार. काही दिवसांतच त्यावर बाहेरच्या शैवालाची हिरवट-तपकिरी लव चढते.

पुढचे सगळे या लवेवर ठरते. ती खरवडून खाणारे पोपटमासे आणि समुद्री अर्चिन (काटेरी गोल प्राणी) असतील, तर प्रवाळाच्या अळ्यांना चिकटायला मोकळा खडक मिळतो. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये लांब काट्यांचे अर्चिन रोगाने ९० टक्क्यांहून अधिक मेले. जमैकात अतिमासेमारीने शैवाल खाणारे मासे आधीच घटले होते. तिथल्या भित्तींवर शैवालाचे रान माजले. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद म्हणजे तर या रानाला आयते खत.

म्हणून ‘प्रवाळ लावले’ या छायाचित्रांनी हुरळून जाऊ नये. जिवंत प्रवाळाचे काही सेंटिमीटरचे तुकडे खडकावर सिमेंटने किंवा इपॉक्सी या घट्ट गोंदाने बसवतात; खडक आधी घासला नसेल किंवा तुकडा हलत असेल, तर तो धरत नाही. एकाच वसाहतीचे तुकडे म्हणजे एकाच जातकुळीच्या नकला, एका उष्ण हंगामात सगळे जाऊ शकतात. शिवाय लावतात त्या बहुधा भराभर वाढणाऱ्या फांद्यांच्या जाती. वादळात टिकणारे गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, त्याचा फोटो कोण काढणार?

भित्तीवर लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा जिरते. मेलेला सांगाडाही काही वर्षे लाटा अडवतो, मग पोखरणारे जीव त्याचा भुगा करतात. त्यामुळे नुकसान किनाऱ्यावर उशिरा दिसते.

बातमीत निदान एवढे यावे: पाणी किती आठवडे तापले, किती टक्के प्रवाळ पांढरे पडले, आणि पाणी निवल्यावर काही महिन्यांनी केलेल्या मोजणीत त्यातले किती मेले.

– सागरी जीवशास्त्राचा एक अभ्यासक