सायकल दुरुस्तीवाल्या भाऊंना, इंग्रजीच्या शिकवणीकडून

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी आमची पोरं-पोरी तुमच्या घमेल्याभोवती बसतात, प्रश्न विचारून डोकं खातात, आणि तुम्ही गिऱ्हाईक सांभाळून त्यांना सगळं दाखवता. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण दारव्हा असो, आर्णी असो की वरूड, सायकलचं दुकान सापडतंच. तिथल्या मुलांनीही आपापल्या मिस्त्रीभाऊंकडे जावं.

या परीक्षेतला बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा. आधी चार-पाच मिनिटं साधे प्रश्न: लहानपणी सायकल होती का, तुमच्या भागात लोक सायकल चालवतात का. मग हातात विषय लिहिलेलं एक कार्ड येतं, विचार करायला १ मिनिट मिळतं, आणि एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. शेवटी पुन्हा चार-पाच मिनिटं चर्चा. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार, चौघांचं वजन सारखं. सायकलीतलं कळतं की नाही, हे कुणी तपासत नाही.

तरी सायकलीवर बोलायची वेळ आली की मुलं नेमकी इथंच अडकतात. ‘सायकलीनं प्रदूषण होत नाही, पेट्रोल लागत नाही, व्यायाम होतो’ एवढं पाठ केलेलं असतं. ते अर्ध्या मिनिटात संपतं, आणि पुढं नुसतं ‘अँड… अँड…’. पाठ केलेलं परीक्षकाला लगेच ओळखू येतं, ते वेगळंच.

तुमचं पंक्चर मात्र दोन मिनिटं पुरून उरतं. टायरची एक कड पट्टीनं रिमबाहेर काढायची, ट्यूब ओढून हवा भरायची, पाण्यात थोडी थोडी फिरवत बुडबुडे पाहायचे. जागेवर खूण करून ट्यूब कोरडी पुसायची आणि काचपेपरनं घासायची, वरची चकाकी जाईपर्यंत. सोल्युशन पॅचपेक्षा थोडं जास्त जागेवर, पातळ लावायचं. इथं तुम्ही पोरांचा हात धरता: ‘घाई कराल तं पॅच सरकन.’ ओलेपणा जाऊन नुसता चिकटपणा राहिला की पॅच दाबायचा. आणि टायर चढवण्याआधी आतून बोट फिरवायचं, कारण बाभळीचा काटा तिथंच रुतलेला असतो. तो राहिला तर घरी पोचायच्या आत ट्यूब परत बसते.

तुम्ही प्रत्येक पायरीला ‘का’ सांगता, आणि आम्हाला तेच हवं असतं. ‘चकाकी जाईपर्यंत’ म्हणायला ‘अन्टिल’ लागतं, ‘नाहीतर सरकेल’ला ‘अदरवाइज’, काट्यासाठी ‘इफ द थॉर्न स्टेज इन द टायर, द ट्यूब विल गो फ्लॅट अगेन’. व्याकरणाच्या तासाला जी वाक्यं ओढूनताणून करावी लागतात, ती इथं कामाच्या ओघात येतात. तयारीच्या मिनिटात कागदावर फक्त पाच-सहा शब्द लिहायचे: टायर, पाणी, घासणं, थांबणं, काटा. पूर्ण वाक्य लिहीत बसलं की मिनिट संपतं.

त्याहून मोलाचं म्हणजे भोकावरून कारण ओळखणं. बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा खिळा. शेजारी शेजारी दोन असतील तर हवा कमी होती आणि चाक दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर आतली पट्टी सरकून आरीचं (स्पोकचं) टोक टोचतंय. भोक नाहीच आणि हवा तरी जाते? मग व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लावून बुडबुडा बघायचा. उन्हाळ्याच्या तापानं वालट्यूबचं, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या बारीक नळीचं, रबर खराब झालेलं असतं. ‘इट मस्ट हॅव हिट अ स्टोन’ असा अंदाज बांधायला याहून चांगला धडा आमच्याकडे नाही.

उच्चाराचं आम्ही पाहून घेतो. ‘बायसायकल’ नव्हे, ‘बायसिकल’, जोर ‘बाय’वर. ‘माय सायकल वॉज पंक्चर’ चालत नाही. ‘आय हॅड अ पंक्चर’. डाव्या पायडलचे आटे उलटे का, हे मात्र तुम्हीच समजावून सांगा. आम्ही सांगितलं की मुलं हसतात.

शेवटच्या चर्चेत ‘सरकारनं सायकलींना प्रोत्साहन द्यावं का’ अशा धर्तीचा प्रश्न आला की मुलं अ‍ॅमस्टरडॅमला पोचतात, जिथं कुणी गेलेलं नसतं. त्यापेक्षा राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना मिळालेल्या सायकली घ्याव्यात. सायकल मिळाली, पण पांदण रस्ता कच्चा. पावसात काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधे घट्ट बसते, चाक फिरत नाही, आणि काडीनं चिखल उकरत सायकल ढकलावी लागते. म्हणून आधी रस्ता की आधी सायकल? या एका उदाहरणावर मत मांडता येतं, कारण देता येतं, दुसरी बाजूही घेता येते. तुमच्याकडे पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवायला येणारे लोक पाहिले की बोलायला मुद्दा शोधावा लागत नाही.

आता एक विनंती. पुढची तुकडी चेन शिकायला येईल: ढिली चेन का उतरते, ती ताणताना चाक दोन्हीकडून सारखंच मागं का घ्यायचं. बाजाराच्या दिवशी पाठवणार नाही, तेव्हा तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते. आणि फाटक्या ट्यूब भंगारात देऊ नका, सरावाला आम्ही घेऊन जाऊ. पॅच आणि सोल्युशनचे पैसे आमच्याकडून. या वेळी नाही म्हणू नका.

तुमचे,
इंग्रजीच्या शिकवणीवाले