एफडी मोडू नका, मशीन जुनीच घेतेय

कळवा, ठाणे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

एफडी मोडायची नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण फोनवर विषय निघाला की बाबा, तुम्ही नुसतं "बघू" म्हणता आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन बसता. बागांच्या कामाला मिनी पोकलेन, म्हणजे माती खणायचं छोटं यंत्र, घ्यायचा हे नक्की. पण तो वापरलेला आणि माझ्या पैशांत बसेल असाच. "दुसऱ्याची डोकेदुखी विकत कशाला घ्यायची?" हे तुमचं म्हणणं रास्त आहे. अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात काढलेल्या माणसाला फोनवर दोन वाक्यांत पटवणं मला जमत नाही, म्हणून बसून लिहितेय. आई, मधला भाग तुला कंटाळवाणा वाटेल. तुझं शेवटी आहे, सरळ तिथे जा.

आत्तापर्यंत भाड्यावर भागत होतं. पण भाड्याची जेसीबी म्हणजे साडेसात टनांचं धूड. बेलापूर-नेरूळकडच्या जुन्या रो-हाऊसना मागे झकास अंगण असतं आणि तिथे जायला घराच्या बाजूने जेमतेम साडेतीन-चार फुटांची बोळ. जेसीबी फाटकाबाहेर उभी राहून मीटर खाते आणि आत माणसं घमेल्यांनी माती वाहतात. मिनी पोकलेन भाड्याने मिळतो, नाही असं नाही, पण एप्रिल-मेमध्ये तो सगळ्यांनाच हवा असतो. पावसाआधी चर, खड्डे, पाण्याच्या निचऱ्याचे पाइप आणि मातीचे उंचवटे उरकले तरच जूनच्या पहिल्या सरींवर झाडं लागतात. ते हुकलं की सोसायटीवाले बिलाचा शेवटचा हप्ता दिवाळीपर्यंत लोंबकळत ठेवतात.

मग नवी का नाही? तर पावसामुळे. जून ते सप्टेंबर मशीन बराचसा वेळ ताडपत्रीखाली असणार. सीवूड्स, उलवे या बाजूला वर भरावाचा मुरूम आणि डेब्रिज, खाली खाडीचा काळा-निळसर गाळ. भर पावसात तिथे मशीन घातली की ती बाहेर काढायला दुसरी मशीन आणावी लागते. बँकेचा हप्ता मात्र आषाढ-श्रावण बघत नाही. नव्या मशीनच्या हप्त्यासाठी मला पावसाळ्यातही मिळेल ते काम, मिळेल त्या दराने घ्यावं लागेल. जुन्या मशीनवर कर्जाचा व्याजदर चढा असतो आणि मुदतही कमी देतात, हे खरं. पण मुद्दलच निम्म्याच्या आसपास असलं तर हप्ता पेलतो. माझं गणित एवढंच आहे.

आता आकार. बरेच जण सांगतात, घ्यायचीच तर तीन टनांची घे, जोर जास्त, खोल जाते, ब्रेकर लावला तर दगडही फोडते. येऊरच्या पायथ्याला किंवा पारसिकच्या बाजूला फूट-दोन फुटांवर काळा पाषाण लागतो, तिथे ते खरंही आहे. पण माझ्या कामाचं माप जमिनीवर नाही, फाटकावर ठरतं. कुबोटाच्या यू-१७ सारख्या मशीनची चेसिस आत ओढून घेतली की रुंदी ९९० मिलिमीटर होते, म्हणजे सव्वातीन फूट. बोळीतून आत गेली की ती १,२४० मिलिमीटरपर्यंत बाहेर काढायची आणि मग खणायचं, नाहीतर बाजूला कलंडायची भीती. सव्वादोन मीटरच्या थोडं खाली जाते, झाडांना आणि पाइपांना त्याहून जास्त लागतच नाही. वजन पावणेदोन टनांच्या आत असल्याने ४०७ टेम्पोत चढवून नेता येते. तीन टनांच्या मशीनला दरवेळी मोठी गाडी शोधा, आणि ती गाडी सोसायटीच्या गेटात वळणार नाही ते वेगळंच. खडक लागलाच तर त्या दिवसापुरता मोठा ब्रेकर भाड्याने आणेन.

वजनाचं आणखी एक कारण आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये बाग जमिनीवर नसतेच, पार्किंगच्या स्लॅबवर असते. वर दीड-दोन फूट माती, तिच्याखाली कापड, ड्रेन सेल (पाणी वाहून जायची प्लॅस्टिकची जाळी) आणि मग वॉटरप्रूफिंग. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय तिथे कुठलीच मशीन चढवायची नाही, हा माझा नियम. आणि चढवली तरी दातांची बकेट काढून सपाट, बिनदाती लावायची. एक दात खाली लागला की खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर वर्षभर पाणी टपकणार आणि निस्तरायचं आपण.

आता बाबा, तुमचा प्रांत. कळंबोलीच्या एका यार्डात एक मशीन बघितली. पिवळा रंग असा की तोंड दिसावं. फोनवर बजावून सांगितलं होतं की मी आल्यावरच स्टार्ट करा. गेले तर बॉनेटला हात लावताच चटका. म्हणजे सकाळच्या थंड स्टार्टला ती किती कुरकुरते आणि कुठला धूर टाकते हे मला दिसू द्यायचं नव्हतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे तुम्ही मला शाळेत असल्यापासून शिकवलंय. अवर मीटरवर १,४०० तास. पण पॅडलचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकत होतं, सीट फाटलेली आणि ट्रॅक फिरवणाऱ्या स्प्रॉकेटचे दात घासून टोकदार झालेले. मीटर बदलता येतो, स्प्रॉकेट खोटं बोलत नाही. बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, वर उचलायला लावला, बकेट हवेत, इंजिन बंद. चहा येईपर्यंत बूम बघता बघता खाली आला. म्हणजे सिलिंडरची सील गेलेली किंवा व्हॉल्व्हमधून गळतंय. "गार तेलात असं होतंच मॅडम," इति यार्डवाला. इंजिन गरम आणि तेल तेवढं गार! बूमच्या बुडाशी रंगाखाली वेल्डिंगचा जाड वळ हाताला लागला, तेव्हा मी चहा संपवला आणि निघाले. जाताना तो विचारतो कसा, "साहेब आले नाहीत का बघायला?" मी म्हटलं, साहेब मीच.

दुसरी तळोज्याची. यार्डाची नाही, केबलचे चर खणणाऱ्या एका कंत्राटदाराची स्वतःची. दिसायला दरिद्री. रंग उडालेला, माती ढकलायच्या ब्लेडला पोचे, कॅनपी एका कोपऱ्यात दबलेली. मीटरवर तीन हजारांच्या वर तास. पण दर अडीचशे तासांना ऑइल-फिल्टर बदलल्याची बिलं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ग्रीसच्या बोटांच्या ठशांसकट. हायड्रॉलिक तेल काढून बघितलं. पाणी शिरलं की ते ताकासारखं पांढुरकं होतं, हे स्वच्छ होतं. बकेट जमिनीला टेकवून हलकेच उचल-टेक केली तेव्हा बकेटच्या पिनला थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला. बूम डाव्या-उजव्या बाजूला जिथून वळतो तो सांधा या छोट्या मशीनमध्ये सगळ्यात आधी ढिला होतो, आणि त्याचं काम महागडं. तो इथे घट्ट आहे. ग्रीसचा ताजा थर असला तर ढिला सांधाही घट्ट भासतो, म्हणून फडक्याने पुसून मग पाहिलं. दोन्ही लिव्हर पुढे ढकलून सरळ चालवली, एकीकडे ओढत नाही, म्हणजे दोन्ही ट्रॅव्हल मोटर सारख्या जोराच्या आहेत. डाव्या रबर ट्रॅकला भेगा आहेत, आतली तार एका जागी दिसते. ट्रॅक जोडीनेच बदलायचे आणि ती किंमत सौद्यातून वजा करायची, हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो "बघू" म्हणाला, अगदी तुमच्यासारखा.

जपानहून वापरून आलेल्याही बऱ्याच मिळतात, न्हावा-शेवा जवळच ना. तब्येतीने चांगल्या असतात. पण मॉडेल तिकडच्या बाजारासाठीचं असलं की पार्टसाठी वणवण होते आणि प्लेटवरची अक्षरं मला वाचता येत नाहीत. शिवाय बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, मागितलं की लोक विषय बदलतात. त्यामुळे त्या वाटेला गेले नाही.

तळोज्याच्या मशीनचं घोडं अडलंय ते कागदांवर. मूळ इनव्हॉइस आहे, प्लेटवरचा सिरीयल नंबर आणि इंजिन नंबर जुळतो. पण त्याचं जुनं कर्ज फिटलंय असं तो तोंडी सांगतो, बँकेचं ना हरकत पत्र हातात नाही. ते आल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देणार नाही. तो म्हणतो, विश्वास ठेवा. विश्वास आहेच, पण बँकेचा माणूस माझ्या दारात आला तर त्याला विश्वास दाखवून चालणार नाही. विमाही घ्यायचाय, कंत्राटदारांच्या यंत्रसामग्रीचा वेगळा निघतो, गाडीचा नव्हे.

बाबा, तुमच्याकडून पैसे नकोत, तुमचा कान हवाय. बँकेचं पत्र हातात आलं की तुम्हाला कळवते. तेव्हा या आणि पहाटे, मशीन गार असताना, माझ्याबरोबर तळोज्याला चला. मी इंजिन ऐकते तेव्हा मला नुसता आवाज ऐकू येतो, तुम्हाला टॅपेट ऐकू येतात. तुम्ही नाही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. किमतीवर मात्र तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही समोरच्याची दया येऊन चढं देता.

आई, आता तुझं. रोज मशीनवर मी बसणार नाही, ऑपरेटर ठेवणार आहे, पण शिकतेय. डाव्या हाताने वळायचं, उजव्याने बूम. पहिल्यांदा बकेटने अंगणातली कुंडी उचलली तेव्हा शिवणाच्या मशीनवर तुझा पाय कसा हलका पडायचा ते आठवलं. अपघाताची भीती तू घेऊन बसली असशील, म्हणून सांगते. सोसायटीचा नकाशा घेऊन गॅसची लाइन आणि महावितरणची केबल कुठून गेलीय ते चुन्याने आखल्याशिवाय मशीन चालू होत नाही. त्या रेषेजवळचं सगळं खणणं फावड्याने, माणसांच्या हातांनी. मशीन फिरत असताना तिच्या घेरात कुणीही उभं राहायचं नाही, अगदी बंगल्याचा मालक असला तरी.

पूजा करायची तर तुझ्याच हातून करू, त्यात वाद नाही. फक्त नारळ ब्लेडवर फोड, बकेटच्या सिलिंडरवर नको. त्या चकचकीत दांड्यावर ओरखडा पडला तर सील जाते.

येताना बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या घेऊन या, इथे मिळतात पण तुम्ही कंपनी बदललेली खात नाही. स्वारगेटहून ठाण्याची शिवनेरी पकडा, लाल डब्याचा हट्ट नको. आणि बाबांचा तो फटी मोजायचा जुना फीलर गेज कपाटात खालच्या खणात असेल, तो पिशवीत टाक.

तुमची,
लेक