वेत लिहा, प्लॅस्टिकला वेत म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या घर-सजावटीच्या पानावर आणि खालच्या जाहिरातींत एकाच दिवशी वेताला रतन, रॅटन, रट्टान असं तीन प्रकारे छापलेलं वाचलं म्हणून हे पत्र. मूळ शब्द मलय भाषेतला, रोतान, आपल्याकडे इंग्रजीतून आला, तेव्हा लिहायचंच तर रॅटन लिहा, रतन म्हणजे आपल्याकडे हिरा-माणिक. आणि खरं सांगायचं तर वेत हा आपला शब्द असताना तोच का नाही लिहायचा, वेताची छडी, वेताची खुर्ची सगळ्यांना कळतं की.

पण नावाच्या या घोळात लोक फसतात त्याचं जास्त वाईट वाटतं. माझ्या बहिणीने सिंहगड रोडच्या एका दुकानातून बाल्कनीसाठी रॅटन सेट घेतला, खरा वेत समजून चांगले पैसे मोजले, घरी आणून बघतो तर प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि आत लोखंडी पाइप, बिलावर मात्र नुसतंच रॅटन. प्लॅस्टिक वाईट असं माझं म्हणणं नाही, पुण्याच्या पावसात उघड्या बाल्कनीत ते वेतापेक्षा बरंच, पण मग तसं सांगून विका ना, किंमतही त्याचीच घ्या.

वेत म्हणजे ताडाच्या कुळातली काटेरी वेल, झाडांच्या आधाराने चढते, आतून भरीव असते. बांबू हे गवत आणि पोकळ, लोक दोन्हीत गल्लत करतात. भरीव असल्यामुळेच वेत वाफेवर गरम केला की हवा तसा वाकतो. वरची साल सोलून निघालेल्या पट्ट्यांनी खुर्चीची जाळी विणतात, गाभ्याच्या गोल काड्या टोपल्यांना वगैरे लागतात. प्रत्येक पट्टीचा रंग थोडा वेगळा, मधे मधे गाठीच्या खुणा. टोकापासून टोकापर्यंत एकसारखी गुळगुळीत पट्टी दिसली तर सरळ विचारा. आणि जाळी सैल झाली तर खालून कोमट पाणी लावून सावलीत वाळू द्या, बऱ्यापैकी ताणली जाते, प्लॅस्टिकचं तसं होत नाही.

खरा वेत महाग का तर जगातला बराचसा इंडोनेशियातून येतो आणि त्यांनी २०१२ मध्ये कच्चा वेत बाहेर पाठवायला बंदी घातली. आपल्याकडे आसाम, अंदमान आणि सह्याद्रीतही होतो, पण विणणारे हात कमी होत चाललेत, त्यांच्या कामाला प्लॅस्टिकच्या भावाशी टक्कर द्यायला लावणं बरोबर नाही.

तेव्हा विनंती एवढीच की तुमच्या पानावर वेताला वेत लिहा, आणि जाहिरात घेताना माल प्लॅस्टिकचा असेल तर तसं स्पष्ट छापायला सांगा.

एक वाचक, कोथरूड, पुणे