भाजी लपवू नका, समोर ठेवा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जेवताना नाक मुरडणाऱ्या मुलांवरचा लेख वाचला. भाजी वाटून, गाळून, सॉसमध्ये नाहीतर केकमध्ये मिसळून मुलाच्या नकळत पोटात घालावी, असा उपाय त्यात सुचवला आहे. मी पाळणाघर चालवते. दोन ते पाच वर्षांची मुलं रोज माझ्यासमोर बसून जेवतात. लपवालपवीने आईवडिलांच्या जिवाला बरं वाटत असेल, पण मूल त्यातून नवं काही खायला शिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाटून घातलेलं गाजर मुलाने पाहिलेलंच नसतं. उद्या ताटात गाजराची फोड आली, की ती त्याला पहिल्याइतकीच परकी. आणि एखाद्या दिवशी सॉसमध्ये हिरवा तंतू दिसला तर तो सॉसही सुटतो. मूल विश्वासाने खात होतं ते मोजकेच पदार्थ, त्यातला एक आपल्या हाताने गेला.

मुळात या वयात भूक थोडी मंदावतेच. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. त्याच सुमारास अनोळखी पदार्थाची धास्तीही सुरू होते. हा हट्टीपणा नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी १९८०च्या दशकात लहान मुलांना नवे पदार्थ कमी-जास्त वेळा देऊन पाहिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडू लागला. काहींना आठ-दहा वेळा चाखावं लागतं, काहींना त्याहून अधिक. घरी मात्र दोन-तीनदा नको म्हटलं, की ‘याला हे आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि तो पदार्थ पुन्हा समोर येतच नाही.

माझ्याकडे एक मुलगा होता, ताटातले वाटाणे बोटाने एकेक करून काठाबाहेर ढकलायचा. त्याला कोणी काही बोललं नाही. एका दुपारी मोठ्या मुली शेंगा सोलत होत्या, हा शेजारी जाऊन बसला. शेंग फुटताना होणारा ‘टक्’ आवाज त्याला फार आवडला. मग एक दाणा चिमटीत धरून दाबला, साल निसटली, आतला दाणा जिभेला लावला आणि थुंकला. मी फक्त रुमाल पुढे केला. थुंकायची मुभा आहे हे कळलं, की मूल तोंडात घालायला धजावतं. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याने वाटाणे खाल्ले, तेही थोडेच, पण स्वतःच्या हाताने.

लहान मुलांना कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं किंवा अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नयेत, घशात अडकतात.

‘एवढं संपव, मग चॉकलेट देते’ हा सौदाही बंद व्हायला हवा. बर्च यांच्याच १९८४च्या प्रयोगात नवं पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तर त्या पेयाची आवड उलट कमी झाली. मूल सरळ हिशेब करतं, ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार. त्यापेक्षा त्याच्या ओळखीच्या पदार्थाशेजारी नवा पदार्थ चिमूटभर वाढावा, आपणही तोच खावा आणि गप्पा भलत्याच विषयावर माराव्यात. जेवणाआधी तासभर दूध-बिस्किटं नकोत. काय आणि केव्हा वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने.

मात्र वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, किंवा मूल खातं त्या पदार्थांची संख्याच घटत चालली असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. खाणं टोकाचं टाळण्याच्या विकाराला २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान मिळालं आहे. अशा मुलाची आई आधीच सगळ्यांची बोलणी खाऊन थकलेली असते. तिला आणखी एक पाककृती देऊन काय उपयोग? पुरवणीच्या पुढच्या अंकात बालरोगतज्ज्ञांकडून या खुणांवर सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

आपली,
पाळणाघर चालवणारी एक वाचक