बँकेचा माणूस रानात

हॅमिल्टन, न्यूझीलंड
१७ मे

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

आत्याचे पैसे पतसंस्थेत अडकल्यापासून तुमचा एकच प्रश्न, "तुझा पगार जमा होतो ती बँक कुणाची?" फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

बँक ऑफ न्यूझीलंड. नाव इथलं, १८६१ सालची, पण मालक ऑस्ट्रेलियाचा. १९९० मध्ये बुडता बुडता सरकारी पैशाने वाचली आणि १९९२ मध्ये नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेने घेतली. इथल्या चारही मोठ्या बँका ऑस्ट्रेलियाच्याच. नफा समुद्रापार जातो म्हणून लोक कुरकुरतात, खातं मात्र तिथंच ठेवतात. ठेवीची काळजी करू नका. जुलै २०२५ पासून इथं १ लाख डॉलरपर्यंत संरक्षण आहे, आपल्याकडे बँकेत ५ लाखांपर्यंत असतं तसं. पतसंस्थेला ते नसतं, हे आत्याला तेव्हा कुणीच सांगितलं नाही.

या बँकेत घरगुती, धंद्याची आणि शेतीची खाती वेगवेगळी माणसं बघतात. परवा त्यातला शेतीवाला आमच्या दुधाच्या फार्मवर मालकाकडे आला. फाटकाशी औषधाच्या पाण्याची बादली, त्यात गमबूट ब्रशने घासले, मगच आत. जनावरांचा रोग एका गोठ्यातून दुसरीकडे जायला नको. सरळ रानात गेला, वाकून गवत मुठीत धरून बघितलं. मग स्वयंपाकघरात मालकीणबाईंनी लॅपटॉपवर १ जूनपासूनच्या हंगामाचा हिशेब उघडला. दुधाचा भाव इथं लिटरवर नसतो, त्यातल्या फॅट आणि प्रोटीनच्या किलोवर असतो. आणि पैसे कसे येतात? आधी उचल, मग थोडे थोडे वाढवून, शेवटचं बिल हंगाम संपल्यावर. आपल्या सीनेकाठच्या उसाचं बिलच की! मला हसू आलं, तर दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मला मात्र तुम्ही दिसत होता. सातबारा, आठ-अ पिशवीत घालून सकाळी आठला गावच्या पीककर्जाच्या सोसायटीच्या पायरीवर बसलेले, आणि अकराला सचिव येऊन म्हणणार, "उद्या या." आपल्या बांधावर बँकेचा माणूस एकदाच आला होता, नोटीस घेऊन.

पण फार भुलू नका. इथं शेतीची अनुदानं १९८४ पासूनच काढून टाकली. आपल्यासारखं ३ लाखांपर्यंतचं बिनव्याजी पीककर्ज नाही, कर्जमाफी तर नाहीच. मालकाच्या कर्जाचा आकडा ऐकून मला घाम फुटला. वर्षानुवर्षं नुसतं व्याज भरतात, मुद्दल जिथल्या तिथं. आपलं मार्चमधलं नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायचं, ते तरी काय वेगळं? आणि दोन एकरवाल्यासाठी हा माणूस गाडीतून उतरणारसुद्धा नाही.

सोसायटीचं काही राहिलं असेल तर मुदतीत भरा, नाहीतर व्याजाची सवलत जाईल. १ तारखेला पैसे पाठवतो. ट्रॅक्टरवाल्याला थोडं थांबवा. सोलापूरचं ऊन यंदा फार आहे म्हणतात, दुपारी रानात जाऊ नका. आईला सांगा, शेंगाचटणी संपली.

तुमचा,
बाळू