गाणं कुणाच्या नावावर?

नॅशव्हिल, टेनेसी
नोव्हेंबर २०२५

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद. ती. दादांना आणि सौ. वहिनींना नमस्कार.

तू नाटकात कामं करतोस, पेटीवाल्या मित्राबरोबर गाणी रचतोस, आणि आता एका निर्मात्याचा गाण्यांचा करार सहीसाठी तुझ्यासमोर आला आहे. अमेरिकेत गाणी लिहिणाऱ्यांचं आणि नटांचं पोट नक्की कशावर चालतं, आणि दोन्ही कामं करणारी माणसं तिकडे असतात का, असं तू विचारलं आहेस. असतात. तुला समजण्यापुरती दोन नावं घेते, क्रिस क्रिस्टॉफरसन आणि डॉली पार्टन. दोघंही याच गावात गीतकार म्हणून उभे राहिले आणि नंतर सिनेमात गेले.

क्रिस्टॉफरसनचा जन्म १९३६ चा, टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिलचा. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकला, लष्करात हेलिकॉप्टर चालवलं आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नेमणूक समोर असताना ती सोडून १९६५ मध्ये नॅशव्हिलला आला. इथे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडलोट करायचा. १९६६ मध्ये बॉब डिलनचं ध्वनिमुद्रण चाललं होतं तेव्हा हा त्याच इमारतीत केर काढत होता. पुढे लुइझियानाला जाऊन समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवणारी हेलिकॉप्टरं चालवली. त्या दिवसांतलंच त्याचं ‘मी अँड बॉबी मॅगी’. त्याचा पब्लिशर (म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळून ती गायकांपर्यंत पोचवणारा) फ्रेड फॉस्टर याने फोनवर त्याला गाण्याचं नुसतं नाव सुचवलं होतं, बाकी सगळं याने लिहिलं. तरी त्या गाण्यावर गीतकार म्हणून दोघांचं नाव आहे. १९६९ मध्ये ते आधी रॉजर मिलरने गायलं. जॅनिस जॉप्लिनने १९७० मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, ते गायलं आणि १९७१ मध्ये ते देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. कल्पना कुणाची, ओळी कुणाच्या आणि वाटा किती, हे इथे पहिल्या दिवशीच ठरवतात. तू आणि तुझा मित्र नेमकं तेच करत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

नॅशव्हिलमध्ये गाणं बहुधा एकट्याने लिहिलं जात नाही. सकाळी दहा-अकराची वेळ ठरवून दोघं-तिघं एका खोलीत बसतात, दुपारपर्यंत मुखडा आणि दोन कडवी उभी राहतात, आणि उठायच्या आधी फोनवर गिटारसह कच्चं गाऊन ठेवतात. इथला रिवाज असा की खोलीत जेवढे होते तेवढे सारखे वाटे, मग कुणी चार ओळी दिल्या असोत की चाळीस. मला हा रिवाज शहाणपणाचा वाटतो, कारण ओळी मोजत बसलं की पुढच्या वेळी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. त्याच दिवशी एका कागदावर प्रत्येकाचं कायदेशीर नाव, तो कोणत्या रॉयल्टी संस्थेचा सभासद आहे, तिथला त्याचा क्रमांक, पब्लिशरचं नाव, टक्केवारी, तारीख आणि सह्या. याला स्प्लिट शीट म्हणतात. टक्क्यांची बेरीज शंभर झालीच पाहिजे. ती एकशेवीस झाली, म्हणजे दोघांनी आपापल्या परीने वेगवेगळे आकडे नोंदवले, तर वाद मिटेपर्यंत गाण्याचे पैसे अडकून पडतात.

पुढची पायरी डेमोची, म्हणजे गायकांना ऐकवायच्या नमुना ध्वनिमुद्रणाची. तीन तासांच्या एका सत्रात इथले वादक चार-पाच गाणी उरकतात, तेही ती आधी न ऐकता. त्यामागे इथली आकड्यांची पद्धत आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजने ती सुरू केली आणि चार्ली मकॉय व इतर वादकांनी ती वाद्यांसाठी वाढवली. अख्खं गाणं एका पानावर मावतं. कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचं) नाव न लिहिता सप्तकातला तिचा क्रमांक लिहायचा: १, ४, ५, १. एक आकडा म्हणजे तालाचं एक माप (बार). मायनर असेल तर आकड्यापुढे आडवी रेघ. एकदा छेडून मापभर घुमू द्यायची असेल तर आकड्याभोवती चौकट, पतंगासारखी उभी. गायिकेला पट्टी उंच वाटली तर पानाच्या वरचं पट्टीचं एक अक्षर बदलायचं, खालचं पान तसंच राहतं. तुला सरगम येते, तेव्हा सा हलवला की बाकीचं आपोआप हलतं हे तुला सांगायला नको. तुझ्या पेटीवाल्या मित्राला हे पान करून बघायला सांग, पुण्यातल्या स्टुडिओत तासावर पैसे जातात तिथे फार उपयोगी पडेल.

डेमो ऐकून एखादा गायक गाणं ‘होल्ड’वर ठेवतो. म्हणजे दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढंच. हा शब्दाचा व्यवहार असतो, त्याचे पैसे नाहीत, आणि कित्येक महिन्यांनी गाणं परतही येतं. गायकाने ते खरंच ध्वनिमुद्रित केलं की तो ‘कट’. आणि कट झालेलं गाणं रेडिओवर गेलं, तरच खरा पैसा.

आता पैशाचं, कारण दादांना तेच हवं असणार. सीडी, तबकडी किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला कायद्याने ठरलेला दर मिळतो. १९०९ पासून १९७७ पर्यंत तो दोन सेंट होता, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं हललाच नाही. २००६ पासून ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये १२ झाला आणि २०२५ मध्ये १२.७ होता. धर, एका गाण्याच्या एक लाख प्रती खपल्या. त्या दराने झाले १२,७०० डॉलर. लिहिणारे दोघं, म्हणून तुझ्या बाजूला ६,३५०. त्यातला निम्मा पब्लिशरचा. तुझ्या हातात ३,१७५. स्ट्रीमिंगला असा प्रतीमागे दर नाहीच. कंपनीच्या उत्पन्नातले साधारण सव्वापंधरा टक्के (२०२५ चा दर) सगळ्या गाण्यांना मिळून जातात आणि ते ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात.

पब्लिशर गीतकाराला दरमहा उचल देतो. लोक तिला पगार समजतात, तिथेच फसतात. ती तुझ्याच पुढच्या कमाईतून वळती होते. महिना दोन हजार डॉलर उचल धरली तर वर्षाचे चोवीस हजार अंगावर, आणि वरच्या हिशोबातल्या लाख प्रतींनी त्यातले जेमतेम तीन हजार फिटतात. शिवाय करारात वर्षाला अमुक इतकी ‘पूर्ण’ गाणी द्यायची अट असते. दोघांनी लिहिलेलं गाणं अर्धं धरतात, म्हणजे बारा गाण्यांचा करार असेल तर जोडीने चोवीस लिहावी लागतात. एक गोष्ट मात्र गीतकाराच्या बाजूची आहे. रेडिओवर किंवा टीव्हीवर गाणं वाजल्याचे पैसे ॲस्कॅप किंवा बीएमआय यांसारख्या संस्था गोळा करतात आणि त्यातला निम्मा, म्हणजे गीतकाराचा वाटा, थेट त्याला देतात. तो पब्लिशरच्या हातातून जात नाही, म्हणून उचल फिटलेली नसली तरी मिळतो. हे पैसे गाणं वाजल्यानंतर सहा ते नऊ महिन्यांनी येतात, एवढा धीर आणि तेवढी शिल्लक हवी.

इथला कायदा असा की साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकाराला आणि पब्लिशरला पैसे मिळतात, गायकाला काहीही मिळत नाही. डॉलीचा सगळा हिशोब यावर उभा आहे. ती टेनेसीतल्याच डोंगराळ सेव्हियर काउंटीची, बारा भावंडांतली चौथी. तिचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ १९७४ मध्ये कंट्री संगीतात पहिलं आलं आणि एल्व्हिस प्रेस्लीला ते गावंसं वाटलं. त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर याची अट होती की पब्लिशिंगचा निम्मा हक्क आम्हाला द्यायचा. एल्व्हिस आपलं गाणं गाणार यापेक्षा मोठं काय असणार? तरी तिने नाही म्हटलं. १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने सिनेमासाठी गायलं, चौदा आठवडे ते देशात पहिलं होतं, आणि अमेरिकेतल्या रेडिओवर प्रत्येक वेळी वाजलं तेव्हा पैसे डॉलीकडे आले. आपल्याकडे जमीन कोण कसतो यापेक्षा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे आधी बघतात, तसं हे आहे. त्या एका नकाराइतकं शिकण्यासारखं मला या गावच्या इतिहासात दुसरं दिसत नाही.

तिचा पहिला सिनेमा ‘नाइन टू फाइव्ह’, १९८० चा. चित्रीकरणाच्या जागी बसून तिने आपल्या लांब कृत्रिम नखांवर नखं घासून टाइपरायटरचा ठेका धरला आणि त्यावर शीर्षकगीत रचलं. ध्वनिमुद्रणातही तो नखांचा आवाज आहे. १९८१ मध्ये तेही पहिलं आलं.

नटाचं गणित वेगळं. त्याचा कामाचा दिवस विकला जातो. नटांच्या २०२३ च्या संपाआधी त्यांच्या संघटनेने ठरवलेला किमान दर दिवसाला १,०८२ डॉलर होता. ऐकायला भरपूर वाटतो, पण त्यातले दहा टक्के एजंटचे, मॅनेजर असला तर आणखी दहा-पंधरा टक्के त्याचे. आणि संघटनेचा आरोग्य विमा मिळायला त्या वर्षी २६,४७० डॉलरची कमाई लागत होती, म्हणजे किमान दराने पंचवीस दिवसांचं काम. बहुसंख्य सभासदांना तेवढंही मिळत नाही. म्हणून तर तो संप ११८ दिवस चालला. सिनेमा पुन्हा टीव्हीवर दाखवला की नटाला मिळणारा वाटाही उपजत हक्क नव्हे. १९६० मध्ये रोनाल्ड रेगन संघटनेचा अध्यक्ष असताना संप करून तो मिळवला, आणि तोही त्या वर्षापासूनच्या सिनेमांपुरता. आधीच्या सिनेमांवर पाणी सोडलं, बदल्यात निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीसाठी साडेबावीस लाख डॉलर घेतले.

क्रिस्टॉफरसनला १९७६ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’साठी गोल्डन ग्लोब मिळालं. चारच वर्षांनी ‘हेवन्स गेट’ आला, सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्चाचा, आणि असा आपटला की नायक म्हणून त्याची गाडी अडली ती अडलीच. पुन्हा लोकांच्या डोळ्यांत भरायला १९९६ उजाडलं. नटाला काम कुणीतरी द्यावं लागतं, त्याची गाणी मात्र मधल्या काळातही वाजत होती.

घोटाळे कुठे होतात तेही सांगते. गाणं छापायला किंवा ‘पोचवायला’ जो पैसे मागतो तो पब्लिशर नव्हे, त्याच्या दारात उभं राहू नकोस. दुसरं, नोंदणीचा आळस. स्ट्रीमिंगचे पैसे वाटणारी मध्यवर्ती संस्था २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा मालक न सापडलेल्या गाण्यांचे ४२ कोटी ४० लाख डॉलर तिच्याकडे जमा झाले. नावाचं स्पेलिंग चुकलेलं, सहगीतकार लिहिलेला नाही, वाटे नोंदवलेले नाहीत, एवढ्यावरून. तिसरं, मुदत. १९७८ नंतर दिलेले हक्क गीतकाराला ३५ वर्षांनी अमेरिकेपुरते परत घेता येतात, पण नोटीस किमान दोन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं आधी द्यावी लागते. आणि मजुरीवर, म्हणजे ‘वर्क फॉर हायर’ लिहून सही केली असेल तर हा हक्क लागूच होत नाही.

हे सगळं अमेरिकेचं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून सिनेमातल्या गाण्याचा गीतकार आणि संगीतकार यांना, थिएटरमध्ये सिनेमा दाखवण्यापलीकडच्या वापरात, समान वाटा मिळायलाच हवा. तो वारसांखेरीज किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कुणाला लिहून देता येत नाही. तेव्हा त्या निर्मात्याच्या कागदावर ‘सर्व हक्क कायमचे’ असं असलं तरी रॉयल्टीचा हा हक्क जात नाही. पण सभासद नसशील तर ती गोळा कोण करणार? म्हणून मुंबईच्या आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत) तू आणि तुझा मित्र दोघंही आधी नाव नोंदवा, मग प्रत्येक गाणं वाट्यांसह नोंदवा. नाटक सोडू नकोस, पण तालमीच्या दिवसांत गाण्यांचे कागद मागे पडू देऊ नकोस.

निर्मात्याचा करार सही करण्याआधी स्कॅन करून मला पाठव, आणि तिथल्या एखाद्या वकिलालाही दाखव. वहिनींना गुडघ्याच्या औषधाचं विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
आत्या